सोळावी सही

माउंट रॉस्किल, ऑकलंड
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय मधुकर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणजे एव्हाना तू मला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असशील. घालून झाल्या असतील तर आता निवांत बस. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि सुनेत्रावहिनी तुला रोज सोसायटीला दोन फेऱ्या मारायला लावतात हे वाचून बरं वाटलं. विभावरी म्हणत होती, ई-मेल टाका की दोन ओळींचा. पण दोन ओळींत मला पळवाट सापडते, हे गेल्या चार वर्षांत मला पुरतं कळलंय. म्हणून हातानं लिहितोय, आणि पत्र लांबणार आहे. या वर्षी माझ्या हातून एक काम झालं. भोसरीच्या कारखान्यात वीस वर्षं मशिनं चालती ठेवूनही जे समाधान मिळालं नव्हतं ते त्यात मिळालं. ते तुला पहिल्यापासून सांगतो.

इकडे मार्चमध्ये उन्हाळा सरत येतो आणि कॉलेजचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. मी सकाळी सहाला गाडी काढतो, हार्बर ब्रिज ओलांडून अल्बनीला पोचतो आणि साडेसहाला आमची इमारत उघडतो. टेकडीवरचा कॅम्पस आहे, सगळं नवं, काचेचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मागच्या जिन्याखाली, आगीच्या वेळी वापरायच्या दाराशेजारी, एक मुलगी रोज दुपारी एकटी जेवायला बसते. आधी वाटलं कुणाची वाट बघत असेल. मग कळलं की ती कुणाचीच वाट बघत नाहीये. सँडविच भिंतीकडं तोंड करून खायची आणि कुणाची पावलं वाजली की घाईनं वही उघडायची, म्हणजे अभ्यासाला बसल्यासारखं वाटावं. मला ते ओळखायला वेळ लागला नाही, कारण मीही माझा डबा चार वर्षांत कधी कँटीनमध्ये उघडला नव्हता. एके दिवशी मी तिला एवढंच म्हटलं की त्या दाराला टेकू नकोस, अलार्म वाजला तर फायर ब्रिगेड येईल. ती दचकली आणि मग हसली. माझ्या शर्टावरच्या बिल्ल्यावरचं ‘जगदीश’ वाचून तिनं माझं नाव उच्चारलं. स्पॅनिशमध्ये जे अक्षराचा उच्चार ह होतो. तेव्हा माझ्या नावाचं काय झालं असेल ते तूच म्हणून बघ, आणि वहिनींसमोर म्हणू नकोस. मी तिला त्याचा मराठीतला अर्थ आजतागायत सांगितलेला नाही. नुसतं जे म्हण, असं सुचवलं, तर त्या अक्षराचं त्यांच्यातलं नाव निघालं ‘होता’. वडीलधाऱ्या माणसाला मानानं डॉन म्हणतात. तेव्हापासून मी डॉन होता. जिवंतपणी होता झालो, पण डॉन तर झालो.

तिचं नाव पलोमा. चिलीमधल्या कन्सेप्सिऑन गावची, शिक्षकाची मुलगी, फूड टेक्नॉलॉजी शिकायला आलेली. न्यूझीलंडमध्ये चिलीची मुलगी कुठून, असं तुला वाटेल. नकाशा काढ, मध्ये फक्त पॅसिफिक महासागर आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, स्पॅनिश किंवा पोर्तुगीज बोलणाऱ्या अशा मुलांना इथं लॅटिनो म्हणतात, पण त्या वेळी तसं म्हणण्याइतकीही ती कुणाच्या नजरेत नव्हती. प्रत्येक वर्गात एखाददुसरं, एकमेकांना न ओळखणारं. वर्गात गटानं काम करायचं असलं की दोन मिनिटांत किवी, म्हणजे इथल्याच, मुलांचे गट व्हायचे, चिनी मुलांचे व्हायचे, आपल्याही मुलांचे व्हायचे, आणि पलोमा उरायची. मग प्राध्यापक तिला कुठल्या तरी गटात टाकायचे आणि त्या गटाची तोंडं बघत ती बसायची. सगळे वाईट होते असं नाही. कुणी वाईट वागलं असतं तर निदान भांडता आलं असतं, असं ती म्हणाली. जूनमध्ये सत्र संपलं की परत जायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं.

मधुकर, मला समजूत घालता येत नाही हे तुला माहीत आहे. पण त्या इमारतीचे कॉरिडॉर मला पाठ आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक उंच मुलगा रोज दुपारी घरी फोन करून पोर्तुगीजमध्ये मोठमोठ्यानं बोलायचा आणि फोन ठेवला की बराच वेळ खिडकीशी उभा राहायचा. मी पलोमाला वर घेऊन गेलो आणि दोघांची ओळख करून दिली. रेनातो, ब्राझीलचा, इंजिनिअरिंगचा. भाषा वेगळ्या, पण आपण गुजराती माणसाशी बोलतो तसं त्यांचं जमतं, अर्धं कळतं आणि अर्धं हसून भागवायचं. रेनातोला कोलंबियाच्या दोघी माहीत होत्या, त्यांना पेरूचा एक जण. एप्रिल संपेपर्यंत जिन्याखाली सात जण बसायला लागले आणि मी त्यांना हाकलण्याऐवजी दोन बाकं आणून दिली.

नोटीसबोर्डावरचे जुने कागद काढताना मी ते वाचतो. एका कागदावर विद्यार्थी संघटनेचा नियम होता. पंधरा विद्यार्थ्यांच्या आणि एका कर्मचाऱ्याच्या सहीनं अर्ज केला तर क्लबला मान्यता मिळते, बसायला खोली मिळते, क्लब्सच्या मेळाव्यात टेबल मिळतं. तो कागद मी पलोमाला दिला. दोन दिवस तिनं तो वहीत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी रेनातोला घेऊन वर्गावर्गांत हिंडायला लागली. ज्या मुलीला गटात कुणी घेत नव्हतं ती अनोळखी लोकांना थांबवून विचारत होती की तुझ्या घरी स्पॅनिश बोलतात का. मे उजाडला तेव्हा चौदा सह्या झाल्या आणि गाडी अडली. पंधरावा होता तळमजल्यावर कॉफीच्या काउंटरवर काम करणारा विद्यार्थी. बिल्ल्यावर नाव नॅश, बोलणं अस्सल किवी. पण मी त्याला पार्किंगमध्ये आईशी फोनवर स्पॅनिश बोलताना ऐकलं होतं. त्याचं खरं नाव इग्नासिओ. आईवडील चिलीहून निर्वासित म्हणून आलेले, हा इथंच जन्मलेला. पलोमानं विचारल्यावर तो म्हणाला की मी किवी आहे, तुमच्यात माझं काय काम. शेवटी कपातलं दूध फेसाळता फेसाळता त्यानं सही ठोकली आणि बजावलं की यापुढं मला कशालाही बोलवायचं नाही.

राहिली सोळावी, कर्मचाऱ्याची. पलोमा अर्ज घेऊन सरळ माझ्याकडं आली. मी अर्ज बघितला. नाव, सही आणि हुद्दा, असे तीन रकाने होते, आणि खाली लिहिलं होतं की ही माहिती संघटनेच्या वेबसाइटवर दिली जाईल. मी तिला म्हटलं, यावर प्राध्यापकाचीच सही लागते. साफ खोटं. ती बिचारी तीन प्राध्यापकांकडं जाऊन आली. एक रजेवर होते, एकांकडं आधीच दोन क्लब होते, तिसऱ्यांनी तिच्या मेलला उत्तरच दिलं नाही. मग तिनं नियम पुन्हा नीट वाचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “कुणीही कर्मचारी चालतो असं लिहिलंय, डॉन होता. आमच्याबरोबर तुम्हाला तुमचं नाव नको असेल तर तसं सांगा. मला त्याची सवय आहे.” मी बादली उचलली आणि वरच्या मजल्यावर निघून गेलो. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची यायची बंद झाली. चार दिवसांनी रेनातो म्हणाला की ती परतीच्या तिकिटाची चौकशी करतेय.

त्या संध्याकाळी विभावरीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “तुम्हाला त्या पोरांची लाज नाही वाटत. तुमच्या नावापुढच्या त्या एका शब्दाची वाटते.”

आता तो शब्द तुला सांगायला हवा. २००२ मध्ये इथं आल्यावर मी पहिल्या आठ महिन्यांत साठाच्या वर अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी ऐकलं की अनुभव उत्तम आहे, पण न्यूझीलंडमधला नाही. शेवटी युनिव्हर्सिटीत इमारतीचा केअरटेकर म्हणून लागलो. तात्पुरतं म्हणून. दारं उघडायची आणि लावायची, दिवे बदलायचे, सांडलेलं पुसायचं, खुर्च्या लावायच्या, तुंबलेलं मोकळं करायचं. तुला फोनवर सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीत लागलो, इमारतींच्या मेंटेनन्सचं बघतो. तू आनंदानं म्हणालास, म्हणजे मेंटेनन्स इंजिनिअर. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पुढं तू ते आपल्या बॅचमध्ये सगळ्यांना सांगितलंस, दोनदा गेट-टुगेदरमध्ये माझ्या नावानं टाळ्याही झाल्या, आणि मला तोंड उघडायची संधी दरवेळी थोडी लांब गेली. इथल्या मराठी मंडळातही मी मोघमच बोलायचो. गणपतीत आरती झाली की प्रसाद घेऊन लवकर निघायचो, कुणी कामाचं विचारायच्या आत. तो अर्ज हातात आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एवढंच आलं की पुण्यात कुणीतरी इंटरनेटवर माझं नाव टाकील आणि त्यापुढं तो हुद्दा वाचील. एका मुलीचं वर्ष त्यापुढं मला हलकं वाटलं. हे लिहितानाही कान तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज भरला. हुद्द्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात पूर्ण लिहिलं, बिल्डिंग केअरटेकर. मग गणवेशातच फूड टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेबाहेर जाऊन उभा राहिलो. तास सुटला, तीस-चाळीस मुलं बाहेर पडली, त्यात पलोमा शेवटी. सगळ्यांदेखत मी कागद तिच्या हातात दिला. “सोळावी झाली. माझं चुकलं. चल, ऑफिसात दोघं मिळून देऊ.” तिनं कागदावरचं सगळं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं तिला सगळंच कळलं. काही न विचारता ती माझ्याबरोबर चालायला लागली. ऑफिसातल्या मुलीनं सह्या मोजल्या, शिक्का मारला आणि म्हणाली, “स्वीट ॲज.” इकडे ‘मस्त झालं’ म्हणायची ही पद्धत. चार वर्षं ज्याला मी घाबरत होतो ते अर्ध्या मिनिटात उरकलं.

मग जे सुरू झालं त्याला मागं वळून बघायला फुरसत मिळाली नाही. खोली म्हणून आम्हाला तळमजल्यावरची अडगळ मिळाली. त्यात एकवीस मोडक्या खुर्च्या होत्या, त्यातल्या अठरा मी दुरुस्त केल्या. बघ, इंजिनिअर अगदीच वाया गेला नाही. पलोमानं तिकिटाचं नाव काढलं नाही. जुलैच्या थंडीत त्या खोलीत रोज दुपारी अभ्यास चालायचा, वरच्या वर्गातले खालच्यांना गणित शिकवायचे, कुणाला गटात जागा नसेल तर आधी गट जमवून मग वर्गात जायचे. पंधराचे एकतीस झाले. त्यात एक टोंगाची मुलगी आणि दोन कोरियन मुलंही होती. तुम्ही कुठले लॅटिनो, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आपण एकटे पडलोय असं ज्याला वाटलं तो आत यायचा. आणि बजावून गेलेला इग्नासिओ आधी उरलेल्या कुकीज द्यायला म्हणून यायला लागला, मग बसायला लागला.

अठरा सप्टेंबर हा चिलीचा राष्ट्रीय दिवस. पलोमाच्या मनात आलं की तो कॅम्पसवर करायचा, सगळ्यांना बोलवून. आदल्या रविवारी आमच्या घरी अकरा पोरं जमली. एम्पानाडा म्हणजे त्यांची करंजीच, फक्त तिखट. विभावरी कातणं घेऊन बसली, तर पलोमा म्हणाली, कातायचं नाही, कडेला बोटांनी मुरड घालायची. विभावरीनं तिची मुरड बघितली, मग आपली घालून दाखवली, आणि त्या दोघींची स्पर्धाच लागली. अडीचशे झाल्या, त्यातल्या शंभर माझ्यासारख्या शाकाहाऱ्यांसाठी चीजच्या. सिद्धी आमची पंधराची, आम्ही मराठीत बोललो की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. ती त्या दिवशी आईकडून मुरड शिकली. एरवी तिला दिवाळीत चार वेळा हाक मारावी लागते.

कार्यक्रम हिरवळीवर ठरला होता. सोमवारी सकाळी असा वारा सुटला आणि गारा पडल्या की मांडव ठोकता येईना. मुलांची तोंडं उतरली. मी आमच्या सुपरवायझरबाईंना फोन करून परवानगी घेतली आणि इमारतीचा मधला मोठा चौक मोकळा करून दिला. गारांमुळं बाहेर कुणाला थांबता येत नव्हतं, त्यामुळं येणारा-जाणारा आत, आणि आत रेनातोचा ढोल. बारा वाजता मी वरच्या कठड्यावरून बघितलं तर तीनशेच्या वर माणूस होता. ज्यांनी पलोमाला कधी गटात घेतलं नव्हतं ते रांगेत उभे राहून तिला विचारत होते की हे कसं करतात.

इग्नासिओ त्या दिवशी आईवडिलांना घेऊन आला. वडील साठीकडं झुकलेले. १९७३ साली ते पलोमाच्याच गावी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होते. तिथं लष्करानं सत्ता घेतली, यांचं नाव विद्यार्थी चळवळीत, युनिव्हर्सिटीतून काढून टाकलं, देश सोडावा लागला. इथं येऊन तीस वर्षं बेकरीत काम केलं. त्यानंतर कुठल्याही कॉलेजात पाऊल टाकलं नाही. मुलाच्या ॲडमिशनच्या दिवशीसुद्धा ते गाडीतच बसून राहिले होते. गर्दीत ते मला शोधत आले आणि इग्नासिओकरवी विचारलं की एखादा वर्ग उघडून मिळेल का, आतून बघायचाय. मी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मोठा लेक्चर हॉल उघडला. ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, हात बाकावर ठेवले आणि कोऱ्या फळ्याकडं बघत राहिले. इग्नासिओ शेजारी बसला. मी दाराशी थांबलो. दहा मिनिटांनी ते उठले, बायकोला घेऊन चौकात गेले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि रुमाल हवेत फिरवत त्यांच्याकडचा नाच असा नाचले की तीनशे माणसं टाळ्यांचा ठेका धरून उभी. पुढच्या आठवड्यात कॉफीच्या काउंटरवर इग्नासिओच्या बिल्ल्यावर पूर्ण नाव आलं होतं.

ऑक्टोबरमध्ये क्लब्सचा वार्षिक समारंभ झाला. वर्षातला सर्वोत्तम नवा क्लब म्हणून आमचं नाव पुकारलं. पलोमा स्टेजवर गेली, ट्रॉफी घेतली आणि माइकवर म्हणाली, “सोळा सह्यांपैकी एक सही करणं सगळ्यात अवघड होतं. तो माणूस वर येऊ दे.” मग निवेदकानं हातातला कागद बघून खणखणीत वाचलं, जगदीश दातार, बिल्डिंग केअरटेकर. सभागृह उभं राहिलं, मधुकर. मी वर जाऊन पलोमाच्या शेजारी उभा राहिलो. विभावरीनं नंतर सांगितलं की सिद्धीनं शेजारच्या अनोळखी बाईच्या दंडाला हात लावून तिला म्हटलं, “दॅट्स माय डॅड.” तो शब्द मी त्या दिवशी लाउडस्पीकरवर ऐकला आणि तो चांगला मोठा, पायांवर उभा राहील असा शब्द वाटला. पलोमा पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी संघटनेवर निवडून आलीय. सत्राच्या सुरुवातीला पंधरांपैकी सहा जण सोडून जायच्या बेतात होते. गेल्या आठवड्यात सगळ्यांनी परीक्षा दिली, परीक्षेचा हॉल मीच उघडला.

आता तुझ्या पत्राकडं येतो. तू लिहिलंयस की सुयशला मास्टर्सला इथं, याच कॅम्पसवर प्रवेश मिळालाय, फेब्रुवारीत येतोय, पहिल्यांदाच घराबाहेर पडतोय आणि मुलखाचा लाजरा आहे, तर जगदीश, तुझ्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये त्याला सगळ्यांना भेटव. तीन आठवडे मी त्या एका ओळीशी अडलो होतो. डिपार्टमेंट नाही, मधुकर. तुझ्याशी चार वर्षं गप्प राहिलो याची माफी माग म्हणून विभावरीनं सांगितलंय, आणि मलाही मागायचीच आहे. पण तुझा मुलगा इथं एकटा जेवणार नाही, एवढं मी आज छातीठोकपणे लिहून देतो. विमानतळावर मी येईन, पहिले पंधरा दिवस तो आमच्याकडं राहील, आणि पहिल्या सोमवारी माझ्याबरोबर गाडीतून कॅम्पसवर येईल. हे पत्र तू वाचून झालं की त्याला वाचायला दे. काही लपवू नकोस. आणि त्याला सांग, कॉरिडॉरमध्ये मी निळ्या शर्टात, हातात बादली घेऊन दिसलो, तर बरोबरच्या मित्रांसमोर लांबून, मोठ्यानं काका म्हणून हाक मारायची. मी लगेच ओ देईन.

सगळं सांगून मोकळा झालेला, तुझाच
जगदीश